ऐकण्याचे आणि आठवण्याचे खेळ: दीड ते तीन वर्षांच्या लेकरांसाठी

जे नीट ऐकू आले नाही ते लक्षात राहण्याचा प्रश्नच नसतो, म्हणून लहान लेकराच्या स्मरणशक्तीचे खेळ कानापासून सुरू करावेत आणि त्या वेळी घरातला टीव्ही बंद ठेवावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार दोन वर्षांच्या मुलाने दिवसात एका तासाहून अधिक वेळ पडद्यासमोर बसू नये, आणि एका वर्षाच्या मुलाला तर त्यापासून दूरच ठेवावे.

पहिला खेळ आवाज ओळखण्याचा आहे. बैलाची घुंगरमाळ, पेला-चमचा आणि तूर भरून झाकण घट्ट बांधलेला डबा, अशा तीनच वस्तू ओसरीवर लेकरासमोर वाजवून दाखवाव्यात व डबा सोडून बाकीच्या त्याला हाताळू द्याव्यात. नंतर त्या सुपाआड धरून एकच वाजवावी आणि "काय वाजलं?" असे विचारावे. बोलता येत नसेल तर त्याने वस्तूकडे बोट दाखवले तरी उत्तर पूर्ण समजावे. लेकरू सुपामागे डोकावणारच. त्याला रागावण्यापेक्षा पुढच्या फेरीत सूप जरा उंच धरावे. डबा मात्र मोठ्यांच्याच हाती असावा, कारण तूर, हरभरा किंवा शेंगदाण्याचा दाणा या वयात घशात अडकू शकतो.

तान्ह्या पोळ्याचा लाकडी नंदी एरवी फळीवर धूळ खात पडलेला असतो, तो आठवणीच्या खेळाला फार उपयोगी पडतो. लेकराच्या डोळ्यांदेखत नंदी दोन टोपल्यांपैकी एकीखाली ठेवावा आणि लगेच शोधायला सांगावा. हे जमू लागले की मध्ये थोडा वेळ जाऊ द्यावा, म्हणजे त्याला पाणी पाजावे किंवा अंगणात एक चक्कर मारून आणावे आणि मग विचारावे. खरा कस या मधल्या वेळेतच लागतो. टोपल्यांची संख्या वाढवण्याची घाई नको.

सूचनांच्या खेळात मोठ्यांचीच एक सवय आड येते. "चप्पल आण" म्हणताना आपले बोट आपसूक चपलेकडे जाते आणि लेकरू शब्दाऐवजी बोटामागे जाते, त्यामुळे सांगताना हात मागे बांधावेत. दीड वर्षाच्या सुमारास इशाऱ्याशिवाय एक सोपी सूचना समजते, तर "वाटी घे आणि आजीला दे" अशी दुहेरी सूचना साधारण अडीच वर्षांपर्यंत जमू लागते.

पाठ झालेल्या बडबडगीतातला शेवटचा शब्द गाळून तो लेकराला भरू देणे, किंवा निजताना आज वावरात आधी काय दिसले व मग काय दिसले हे विचारणे, यासाठी वेगळा वेळ काढावा लागत नाही. घरात वऱ्हाडी, कोरकू किंवा गोंडी बोलली जात असेल तर खेळही त्याच बोलीत व्हावा. पुस्तकी मराठीचा आग्रह इथे निरुपयोगी आहे. लेकरू कंटाळून उठले की खेळ तिथेच थांबवावा.

पाठीमागून हाक मारल्यावर लेकरू वारंवार वळून पाहत नसेल किंवा कान वाहत असेल, तर ते हट्टी आहे असे न समजता डॉक्टरांकडून कान तपासून घ्यावेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाने अंगणवाडीत वर्षातून दोनदा तपासणी करणे अपेक्षित असते, पण अशी शंका आल्यावर पथकाची वाट न पाहता प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे.