सीआरएम घेताय? डेमो बघून लगेच पैसे भरू नका

सांगली-मिरज भागात आरओ फिल्टरची विक्री आणि सर्व्हिस हा माझा धंदा. पाच टेक्निशियन, कॉल घ्यायला ऑफिसात एक मुलगी आणि एएमसीची (वार्षिक देखभाल कराराची) दोन लांबडी रजिस्टरं. कुणाची एएमसी कधी संपते, कुणाकडचा मेंब्रेन (पाणी गाळणारा मुख्य पार्ट) कधी बदलला, हे थोडं रजिस्टरात आणि बाकीचं बायकोच्या डोक्यात. म्हणून सीआरएम, म्हणजे ग्राहकांच्या नोंदी ठेवणारं सॉफ्टवेअर घेतलं, वर्षाचे पैसे एकरकमी भरले आणि तीन महिन्यांत पुन्हा रजिस्टरवर आलो. दुसऱ्यांदा घेतलं ते टिकलं. मधे कुठेकुठे ठेचा लागल्या ते सांगतो.

डेमो मालकाने बघितला, वापरायचं पोरांनी

ही माझी सगळ्यात महाग चूक. विक्रेत्याच्या लॅपटॉपवर रंगीत आलेख बघून मी भुललो. पण हे ॲप चालणार होतं टेक्निशियनच्या हातात. तो हात ओला, फोन जुना, त्यात गाण्यांनी आणि फोटोंनी भरलेली मेमरी. एक कम्प्लेंट बंद करायला त्याला अकरा वेळा बोट लावावं लागायचं आणि सहा रकाने सक्तीचे होते. त्यातला एक ‘वार्षिक उलाढाल’. विश्रामबागेतल्या एखाद्या काकूंच्या स्वयंपाकघरात उभं राहून पोरगा उलाढाल काय विचारणार? त्याने प्रत्येक रकान्यात एकेक टिंब ठेवलं आणि कम्प्लेंट बंद केली. महिन्याअखेरीस मी रिपोर्ट उघडला, तर टिंबांची रांग.

दुसऱ्या वेळी मी डेमो टेक्निशियनच्याच फोनवर घ्यायला लावला, एका हाताने. सक्तीचे रकाने तीनच ठेवले: काय केलं, कुठला पार्ट लावला, पैसे किती घेतले.

त्याच वेळी आणखी एक करून बघा. फोन एअरप्लेन मोडवर टाका, एक नोंद करा, ॲप पूर्ण बंद करा, मग नेट चालू करा. नोंद वर गेली का? ‘ऑफलाइन चालतं’ याचा अर्थ बरेचदा जुनी माहिती दिसते एवढाच असतो. बेसमेंटमध्ये प्लांट असलेल्या हॉस्पिटलात आमच्या पोराची अर्ध्या तासाची नोंद अशीच हवेत गेली होती.

विक्रीचं सॉफ्टवेअर, सर्व्हिसचा धंदा

बहुतेक सीआरएमची मूळ रचना विक्रीसाठी केलेली असते. चौकशी आली, कोटेशन दिलं, सौदा झाला, की ती नोंद झोपली. आमच्या धंद्यात काम सुरूच होतं मशीन बसल्यावर. शिवाय पुण्यातला मुलगा इथल्या आईवडिलांचं मशीन स्वतःच्या नंबरवरून सांभाळतो आणि सासूबाईंचंही. नंबर एक, घरं दोन, मशीनं दोन. ग्राहकाखाली मशीनची वेगळी नोंद, तिचा सीरियल नंबर, बसवल्याची तारीख आणि एएमसीची मुदत हे सॉफ्टवेअरमध्ये नसेल तर बाकी कितीही छान असो, सोडून द्या. लिफ्ट, एसी, इन्व्हर्टरवाल्यांनीही हे आधी बघावं.

एक्सेलमधली घाण तशीच वर चढवणे

रजिस्टरं एक्सेलमध्ये उतरवली आणि घाईघाईत सीआरएममध्ये चढवली. मोबाइल नंबराच्या आधी ९१ लावलेलं होतं, म्हणजे बारा आकडे. एक्सेल एवढा लांब आकडा ‘९.१९ई+११’ असा आखडून दाखवतं, आणि तशीच फाइल सीएसव्ही (सॉफ्टवेअरमध्ये चढवायची साधी फाइल) म्हणून साठवली की शेवटचे आकडे कायमचे जातात. आमचे चारशे नंबर असे गेले. रजिस्टर जपून ठेवलं होतं म्हणून वाचलो. नंबर टाकण्याआधीच त्या कॉलमचा प्रकार ‘टेक्स्ट’ करून ठेवायचा.

नावं मराठीत असतील तर फाइल साठवताना साधा सीएसव्ही न घेता ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ निवडा, नाहीतर कुलकर्णी काकांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं दिसतील. तारखांचं दुखणं तर जास्तच फसवं. सीआरएमचं खातं अमेरिकी पद्धतीवर असेल तर ०५/०६ म्हणजे ५ जूनऐवजी ६ मे धरला जातो. १३ तारखेपासून पुढच्या नोंदींना चूक दाखवतं म्हणून तिथे निदान कळतं, १२ पर्यंतच्या निमूटपणे आत शिरतात. आधी वीस नोंदी चढवून रजिस्टराशी ताडून बघा, मग सगळ्या.

आठवण येत नाही, किंवा भलत्या वेळी येते

ॲपमध्ये लावलेली सकाळी दहाची आठवण (रिमाइंडर) रात्री साडेदहाला वाजायला लागली तर खात्याचा टाइम झोन बघा. तो कॅलिफोर्नियाचाच राहिलेला असतो. आठवण अजिबातच येत नसेल तर दोष बहुधा फोनचा. शाओमी, विवो, ओप्पोचे फोन बॅटरी वाचवायला मागे चालणारी ॲप मारून टाकतात. ॲपला ऑटोस्टार्टची परवानगी द्या आणि त्याच्यावरची बॅटरीची बंधनं काढा. आम्ही पंधरा दिवस सॉफ्टवेअरवाल्याशी भांडत होतो.

‘सगळं होतं साहेब’

विक्रेता कॉल आपोआप रेकॉर्ड होतील म्हणाला तर कसं ते विचारा. प्ले स्टोअरवरची ॲप ज्या आडवाटेने हे करायची ती गूगलने मे २०२२ मध्ये बंद केली. कुणी प्ले स्टोअरबाहेरची फाइल फोनात टाकायला सांगितली, तर माझं मत विचाराल तर नको. एसएमएस जातील म्हणाला तर डीएलटीवर (धंद्याचे एसएमएस पाठवणाऱ्यांच्या नोंदणीच्या व्यवस्थेवर) नोंदणी कोण करणार ते ठरवा. ट्रायच्या (दूरसंचार नियामकाच्या) २०१८ च्या नियमांप्रमाणे पाठवणाऱ्याचं नाव आणि मजकुराचा साचा आधी मंजूर लागतो. साच्याबाहेरचा मजकूर असेल तर मेसेज अडतो. व्हॉट्सॲपचे मेसेज सॉफ्टवेअरमधून पाठवायचे तर त्याचं बिल वेगळं.

पैशांचं

जाहिरातीतला भाव एका माणसाचा, एका महिन्याचा आणि तोही वर्षाचे एकदम भरले तर. सहा माणसं, बारा महिने आणि वर १८ टक्के जीएसटी धरून आकडा काढा. जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत (छोट्या धंद्यांसाठीची सोपी कर योजना) असाल तर त्या जीएसटीचं क्रेडिटही मिळत नाही. आणि कार्डावरून आपोआप नूतनीकरणावर विसंबू नका. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे १५ हजारांवरच्या अशा प्रत्येक वजावटीला ओटीपी लागतो. तो मेसेज नजरेतून सुटला की सोमवारी सकाळी खातं कुलूपबंद.

खातं कुणाच्या नावावर?

आमचं पहिलं ॲडमिन खातं ऑफिसातल्या पोराच्या खासगी जीमेलवर उघडलं होतं. तो नोकरी सोडून गेला. भांडण काही नव्हतं, पण पासवर्डसाठी त्याला चार वेळा फोन करताना लाज वाटली. आता खातं फर्मच्या ईमेलवर आहे आणि ओटीपी माझ्या नंबरवर येतो.

दर महिन्याच्या एक तारखेला ऑफिसातली मुलगी सगळी माहिती एक्सपोर्ट करून पेनड्राइव्हवर घेते. हे बटण पैसे भरण्याआधी दाबून बघायचं. आमच्या पहिल्या सॉफ्टवेअरमध्ये नाव आणि नंबर बाहेर येत होते, सर्व्हिसचा इतिहास नाही. तो आम्ही स्क्रीनवर बघून, परत रजिस्टरात, हाताने उतरवला.