चढाओढीच्या बोलीत पुढे जावे की थांबावे : या चुका टाळा

पुण्यात डेक्कनवरच्या ज्या क्लबात मी गेली अनेक वर्षे रविवारी दुपारी ब्रिज खेळतो, तेथे शेवटचा बोर्ड, म्हणजे शेवटचा डाव, संपून चहा आला की जी वादावादी सुरू होते, ती बहुतेक वेळा एकाच मुद्द्यावर येऊन अडकते. दोन्ही बाजूंनी बोली लागलेली असताना कोणीतरी एक पायरी जास्त चढलेला असतो, किंवा चढायला हवे तेथे पास करून बसलेला असतो. पाने खेळताना झालेली चूक माणूस एक-दोनदा करतो आणि शिकतो. बोलीतली ही चूक मात्र तीच ती माणसे, त्याच त्या जागी, वर्षानुवर्षे करताना मी पाहिली आहेत, आणि त्या माणसांत बराच काळ मीही होतो. २०१८ साली जकार्ताच्या आशियाई क्रीडास्पर्धेत प्रणब बर्धन आणि शिबनाथ सरकार या जोडीने सुवर्णपदक मिळवले, त्यानंतर आमच्या टेबलांवर काही नवे चेहरे दिसू लागले. मेंढीकोट आणि झब्बूवर वाढलेली ही मंडळी हुशार आहेत, पण त्यांना सगळे एका ओळीत हवे असते. "नियम सांगा, कधी बोलायचं आणि कधी नाही?" असे विचारणाऱ्याला मी पहिल्यांदा चहा घ्यायला सांगतो.

सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे एकदा सांगून झालेली पाने दुसऱ्यांदा सांगणे. माझ्यापुरती ती कशी सुटली ते सविस्तर सांगतो, कारण त्या बोर्डातली पाने मला आजही तोंडपाठ आहेत.

सांघिक सामना होता, म्हणजे तीच पाने दोन टेबलांवर खेळली जात होती आणि आमच्या संघाची दुसरी जोडी तिकडे उलट बाजूला बसली होती. दोन्ही बाजू व्हल्नरेबल होत्या, म्हणजे बुडाल्यास दंड जास्त आणि गेमचे बक्षीसही जास्त, आणि पहिली बोली माझी होती. माझ्याकडे इस्पिकची सात पाने होती: राजा, राणी, गुलाम, नव्वी, अठ्ठी, छक्की, तिरी. बदामाची एकटी पंजी, चौकटची दोन आणि किलवरची तीन हलकी पाने. मी तीन इस्पिक बोललो, म्हणजे इस्पिक हुकूम धरून सहावर तीन असे नऊ हात करण्याची बोली केली, आणि त्यात काहीही चूक नव्हती. डावीकडच्या गृहस्थांनी चार बदाम म्हटले. माझे भागीदार, ज्यांना आम्ही सगळे काका म्हणतो, त्यांनी पास केला, उजवीकडून पास आला, आणि बोली पुन्हा माझ्याकडे आली. त्या क्षणी माझ्या मनात जे चालले होते त्याला विचार म्हणता येणार नाही. सात इस्पिक हातात दिसत होती, गेम, म्हणजे मोठ्या बक्षिसाची बोली, समोरचे नेत होते, आणि आपण काहीतरी केले पाहिजे असे वाटत होते. मी चार इस्पिक बोललो. डावीकडून डबल आला, म्हणजे बुडालो तर दंड वाढणार.

काकांनी पाने उघडली तेव्हा त्यांत बदामाची राणी, गुलाम, दश्शी, सत्ती होती, चौकटचा एक्का होता, किलवरचा राजा होता आणि इस्पिकची दोन बारीक पाने होती. हुकुमाचा एक, बदामाचा एक, चौकटचा एक आणि किलवरचे तीन असे सहा हात मी गमावले. तीन डाऊन, म्हणजे बोलीपेक्षा तीन हात कमी, डबल, व्हल्नरेबल: ८००. दुसऱ्या टेबलावर माझ्यासारख्याच पानांवर तीन इस्पिक बोलणारा खेळाडू चार बदामांवर शांतपणे पास करून बसला होता. त्याच्या जोडीदाराने इस्पिकची उतारी केली, आणि बदामाचे दोन, चौकटचा एक्का आणि इस्पिकचा एक असे चार हात घेऊन त्यांनी आमच्या संघाला एक डाऊन केले. तिकडचे १०० आणि इकडचे ८०० मिळून ९००, म्हणजे १४ इम्प (दोन टेबलांच्या फरकावरून सांघिक सामन्यात मिळणारे गुण) एका बोर्डात गेले. काका हिशेबाच्या कागदावर आकडा लिहीत वर न बघता एवढेच म्हणाले, "अरे, तुझं सगळं सांगून झालं होतं ना? मग दुसऱ्यांदा कोणाला सांगत होतास?"

माझी तीन इस्पिकची बोली म्हणजे सात लांब पाने आणि बाहेर काही नाही, हे संपूर्ण वर्णन होते. त्यानंतर टेबलावर चौघांपैकी एकाच माणसाला आमच्या दोघांची पाने ठाऊक होती, आणि तो मी नव्हतो. काकांनी पास केला त्याचा अर्थ त्यांना काही सुचले नाही असा नव्हता. चार बदाम बुडणार हे त्यांना दिसत होते आणि ते मजेत बसले होते. हेच नंतर कागदावर मांडून पाहिले तेव्हा अधिकच लाज वाटली. आमची इस्पिक नऊ आणि त्यांची बदाम आठ, म्हणजे दोन्ही बाजूंचे हुकूम मिळून सतरा. ढोबळ हिशेबाने दोन्ही बाजूंचे हातही मिळून सतराच्या आसपास होतात. त्यांचे दहा होत असतील तर आमचे सात, म्हणजे ६२० वाचवायला ८०० द्यायचे. त्यांचे नऊ होत असतील तर आमचे आठ, म्हणजे मिळणारे १०० सोडून ५०० द्यायचे. त्यांचे आठच होत असतील तरी आमचे नऊ, म्हणजे २०० घेण्याऐवजी २०० द्यायचे. तिन्ही शक्यतांत चार इस्पिक तोट्यातच. प्रत्यक्षात त्यांचे नऊ आणि आमचे सात झाले, म्हणजे बेरीज सतराऐवजी सोळाच भरली.

तेव्हापासून माझी सवय अशी आहे की प्रतिस्पर्ध्यांची बोलायची जागा अडवणारी बोली करायची असेल तर कोठपर्यंत जायचे ते पहिल्याच बोलीत ठरवायचे आणि थेट तेथे उडी मारायची. चारपर्यंत जायची पाने असतील तर चार बोलायचे, तीनची असतील तर तीन बोलून विषय सोडून द्यायचा. तीन बोलून नंतर चारवर जाणारा माणूस प्रतिस्पर्ध्यांना बोलायला एक पायरी मोकळी देतो, त्यांचे बोलून झाल्यावर स्वतः डबल खायला हजर होतो, आणि वर जोडीदारावर अविश्वास दाखवतो. भागीदाराने आपली बोली वाढवायला सांगितली, तर गोष्ट वेगळी. तसा अपवाद मला वर्षात फार थोड्या वेळा भेटतो.

दुसरी चूक पॉइंट (एक्का चार, राजा तीन, राणी दोन, गुलाम एक) मोजण्याची. "माझ्याकडे अकरा होते, मग मी कसा गप्प बसणार?" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकले आहे की आता उत्तर देण्याचा कंटाळा येतो. चढाओढीत पॉइंटांपेक्षा आपल्या दोघांचे हुकूम किती, हा प्रश्न आधी यायला हवा. वर जी बेरीज केली तिचा पाया ज्याँ-रने व्हर्न या फ्रेंच खेळाडूने घातला. विश्वविजेतेपदाच्या सामन्यांतले डाव तपासताना त्याला असे आढळले की दोन्ही बाजूंच्या सर्वोत्तम हुकुमांची एकूण संख्या आणि दोन्ही बाजूंना मिळू शकणाऱ्या हातांची एकूण संख्या सरासरीने जवळपास सारखी येते. १९६९ साली एका अमेरिकन मासिकात त्याचे हे म्हणणे छापून आले आणि पुढे ते जगभर पसरले. रोजच्या वापरासाठी त्यातून निघालेला ठोकताळा असा: आपल्या दोघांचे आठ हुकूम असतील तर आठ हातांपर्यंत, म्हणजे दोनच्या पायरीपर्यंत जायला हरकत नाही, नऊ असतील तर तीनपर्यंत, दहा असतील तर चारपर्यंत.

प्रतिस्पर्ध्यांनी दोन बदाम बोलून थांबायचे ठरवले आहे, आपल्याकडे इस्पिकची आठ पाने जमली आहेत आणि दोन्ही बाजू नॉनव्हल्नरेबल आहेत, अशा वेळी दोन इस्पिक न बोलणारा भित्रा खेळाडू मला धाडसी खेळाडूइतकाच महाग पडतो. त्यांना ११० देऊन टाकण्यापेक्षा एक डाऊन होऊन ५० देणे स्वस्त आहे, डबल झाला तरी १०० आहेत, आणि पुष्कळदा तेच तीन बदामांवर जाऊन बुडतात. मात्र त्यांनी तीन बदाम म्हटल्यावर त्याच आठ इस्पिकांवर तीन इस्पिक बोलायला जाऊ नये. त्यांना एक पायरी वर चढवले, आपले काम तेथे झाले.

हा ठोकताळा म्हणजे पाढा नाही, हे मात्र सांगितलेच पाहिजे, कारण उतावीळ नवशिक्या त्याचा पाढाच करतो. आमच्याकडे एक तरुण अभियंता येतो. फोनवर यंत्राबरोबर रोज पन्नास बोर्ड खेळतो, आणि हुकुमांची बेरीज तोंडाने पुटपुटत बोली करतो. बेरीज त्याची कधी चुकत नाही. पण प्रतिस्पर्ध्यांच्या रंगातली राणी-गुलाम ही पाने बचावात उपयोगी आणि आपल्या कॉन्ट्रॅक्टमध्ये, म्हणजे शेवटी ठरलेल्या बोलीत, मातीमोल असतात, ४-३-३-३ अशी सपाट पाने असतील तर एक हात मनातल्या मनात वजा करावा, आणि बाजूच्या रंगात सिंगलटन, म्हणजे एकच पान, असेल तर उलट हिंमत करावी, हे त्या बेरजेत कोठेच येत नाही. काकांची बदामाची राणी, गुलाम, दश्शी, सत्ती चार इस्पिकांत एकही हात देऊ शकली नाही, आणि चार बदामांत दोन देऊन गेली.

व्हल्नरेबल कोण आहे हे न बघता बोलणे ही चूक इतकी साधी आहे की तिच्यावर लिहिण्यासारखे काही नसावे, तरी लिहावे लागते. डबल झालेल्या नॉनव्हल्नरेबल कॉन्ट्रॅक्टचे १००, ३००, ५००, ८०० आणि व्हल्नरेबलचे २००, ५००, ८००, ११०० हे आकडे झोपेतही आठवले पाहिजेत. नॉनव्हल्नरेबल चार डाऊनला ७०० धरणारे एक आजोबा अजून आमच्यात आहेत. तो आकडा १९८७ साली बदलला, हे त्यांनी अद्याप मनावर घेतलेले नाही. जोड्यांच्या स्पर्धेत, आंशिक, म्हणजे गेमपेक्षा खालच्या, कॉन्ट्रॅक्टच्या झटापटीत २०० देणे म्हणजे बहुधा तो बोर्ड समोरच्यांना बांधून दिल्यासारखेच, कारण बाकीच्या टेबलांवरचे आकडे ११० आणि १४० असे असतात.

पाचच्या पायरीवरची चूक निराळ्या जातीची आहे. आपण चार इस्पिक बोललेलो असतो, ते केल्याचे ४२० डोळ्यांसमोर दिसत असतात, आणि समोरून पाच चौकट येते. येथे बहुतेक लोक पाच इस्पिक बोलतात ते ४२० हातचे गेल्याच्या रागाने. ते ४२० सुटलेल्या बसप्रमाणे निघून गेलेले असतात, त्यांच्यामागे कर्वे रस्त्याने धावण्यात अर्थ नसतो. आता तुलना करायची ती पाच चौकट डबलमधून काय मिळेल आणि पाच इस्पिक होतील का, या दोहोंतच. मी अशा वेळी, माझ्या पानांत एखादा व्हॉइड (एकही पान नसलेला रंग) किंवा दहावा-अकरावा हुकूम असे काही विशेष नसेल तर, डबल करतो आणि १०० किंवा ३०० मिळाले तर मुकाट्याने लिहून घेतो. अकरा हात आठवड्यातून एखाद्या वेळी होतातही, आणि मग तो खेळाडू पुढचे तीन महिने तेवढाच बोर्ड सांगत फिरतो.

सांघिक सामन्यात आंशिक कॉन्ट्रॅक्टवर हौसेने डबल करू नये. ते कॉन्ट्रॅक्ट झाले तर बहुतेक वेळा त्यांना गेम फुकट मिळतो.

शेवटची गोष्ट विचार करायच्या वेळेची. पास करावा की बोलावे हे ठरवायला दीड मिनिट घ्यायचे आणि मग पास करायचा, हे जोडीदाराला अडचणीत टाकणे आहे. तुम्हाला काहीतरी बोलायचे होते हे टेबलावर सर्वांना कळलेले असते, आणि ब्रिजच्या नियमांतील कायदा १६ नुसार जोडीदाराला समोर दोन रास्त पर्याय असतील, तर तुमच्या रेंगाळण्याने सुचवलेला पर्याय घेता येत नाही. एका पावसाळी रविवारी तीन बदामांवर मी असाच बसून राहिलो आणि अखेर पास केला. काकांनी त्यांच्या पानांवरून तीन इस्पिक म्हटले, ते नऊ हात झाले, आणि प्रतिस्पर्ध्यांनी, अगदी योग्य रीतीने, डायरेक्टरला, म्हणजे स्पर्धेच्या पंचाला, बोलावले. डायरेक्टरांनी काकांची पाने पाहिली, दोन प्रश्न विचारले आणि निकाल फिरवून तीन बदाम बरोबर झाले असे लिहिले. आम्हाला मिळायचे १४० त्यांना गेले. काकांनी वाद घातला नाही; पुढच्या बोर्डाची पाने उचलण्यापूर्वी त्यांनी मला चहा आणायला पाठवले आणि मी परत येईपर्यंत आपली पाने लावून ठेवली होती.