सी मध्ये स्ट्रिंगला जागा कशी द्यायची आणि ती बदलायची कशी

सी ही प्रोग्रॅमिंग भाषा शिकताना स्ट्रिंगपाशी, म्हणजे मजकुराच्या अक्षरांच्या रांगेपाशी, भलेभले अडकतात, आणि बहुतेक वेळा कारण एकच, अक्षरं कुठल्या मेमरीत बसलीयेत हेच बघितलेलं नसतं. म्हणून आधी ते बघा.

समजा कॅरेक्टर पॉइंटर (अक्षराचा मेमरीतला पत्ता ठेवणारं व्हेरिएबल) घेतला आणि त्याला डबल कोटमधलं "पुणे" दिलं. आता पॉइंटर थेट लिटरलकडे, म्हणजे कोडमध्ये कोटात लिहिलेल्या मजकुराकडे, बघतोय आणि लिटरल बदलायचं नसतं, त्यात एक बाइट जरी लिहायला गेलात तरी लिनक्सवर बहुतेक सेगमेंटेशन फॉल्टच येतो (प्रोग्रॅम तिथेच बंद पडतो), आणि कंपाइल करताना साधी वॉर्निंगसुद्धा येत नाही म्हणून नवीन माणूस तासन् तास शोधत बसतो. तेच पॉइंटरऐवजी ॲरे (सलग जागांची रांग) घेऊन लिहिलं, चौकोनी कंस रिकामे ठेवून, तर तुमची स्वतःची कॉपी बनते, ती खुशाल बदला.

लांबी आधी माहीत नसेल तर मॅलॉक, म्हणजे प्रोग्रॅम चालू असताना मेमरी मागायचं फंक्शन. किती बाइट मागायचे? स्ट्रलेन (स्ट्रिंगची लांबी मोजणारं फंक्शन) अधिक 1, तो एक स्ट्रिंग संपली हे सांगणाऱ्या शेवटच्या शून्यासाठी, कारण स्ट्रलेन तो मोजत नाही.

मराठीवाल्यांनी इथे जास्त लक्ष द्या. "पुणे" डोळ्यांना दोन अक्षरं दिसतात पण यूटीएफ-8 मध्ये (अक्षरं बाइटमध्ये साठवायची पद्धत) प, उकार, ण आणि मात्रा असे चार कोड पॉइंट, म्हणजे वेगळा नंबर असलेली चार चिन्हं, प्रत्येकी 3 बाइट, म्हणजे 12 आणि शून्य धरून 13. स्ट्रलेन 12 सांगतं ते बरोबरच आहे, ते बाइट मोजतं, अक्षरं नाही. त्यामुळे मधलाच एखादा बाइट बदललात किंवा तिथे स्ट्रिंग कापलीत तर स्क्रीनवर कचरा दिसणार.

आता पुढे " शहर" जोडायचंय. स्पेसचा 1 आणि अक्षरांचे 9, म्हणजे एकूण 23 बाइट लागतील, ते रीॲलॉकने (घेतलेल्या मेमरीचा आकार बदलणारं फंक्शन) मागा, पण उत्तर जुन्याच पॉइंटरमध्ये घेऊ नका. मेमरी मिळाली नाही तर नल (कुठेच न बघणारा रिकामा पत्ता) येतो, जुना ब्लॉक तसाच राहतो आणि त्याचा पत्ता मात्र तुम्ही पुसून टाकलेला असतो. वेगळ्या पॉइंटरमध्ये घ्या, नल नाही ना बघा, मगच जुन्यात टाका आणि स्ट्रकॅटने नवा मजकूर शेवटी जोडा. ब्लॉक दुसरीकडे हललेला असू शकतो, त्यामुळे जुन्या जागेकडे बघणारे बाकीचे पॉइंटर वापरू नका.

ठराविक बाइटपर्यंतच स्ट्रिंग कॉपी करणारं स्ट्रएनकॉपी सेफ आहे असं खूप जण सांगतात, मला ते पटत नाही, सोर्स मोठा असेल तर ते शेवटी शून्य टाकतच नाही. त्यापेक्षा एसएनप्रिंटएफ वापरा, ते दिलेल्या जागेतच लिहितं आणि शेवटी शून्यही टाकतं.

काम झालं की फ्रीने मेमरी परत द्या, एकदाच. आणि शिकत असाल तोवर जीसीसी या कंपाइलरमध्ये ॲड्रेस सॅनिटायझर (मेमरीच्या चुका पकडणारी सोय) चालू ठेवूनच कंपाइल करा, मॅलॉकच्या जागेबाहेर एक बाइट जरी लिहिला तरी तो प्रोग्रॅम तिथेच थांबवतो, आणि डीबग माहितीसकट कंपाइल केलं असेल तर ओळ नंबरही दाखवतो.