छोट्या इंटरनेट कंपनीचा सर्व्हर: ओएस टाकण्याआधीची तयारी

ओएस (ऑपरेटिंग सिस्टिम) कोणती, हा प्रश्न सगळ्यात शेवटी घ्या. आधी सर्व्हरवर चालणारी कामं कागदावर मांडा: ग्राहकाच्या राउटरचं पीपीपीओई लॉगिन (नाव-पासवर्ड देऊन जोडणी) तपासणारा रेडियस, साइटच्या नावाचा आयपी पत्ता शोधून देणारा डीएनएस, बिलिंग, नॅटचे (अनेकांना एकच सार्वजनिक आयपी वाटून देण्याचे) लॉग म्हणजे नोंदी, मॉनिटरिंग. प्रत्येकासमोर लिहा, हे बंद पडलं तर काय होतं. रेडियस पडला तरी जोडलेले ग्राहक बहुधा चालू राहतात, नवं लॉगिन तेवढं अडतं. डीएनएस पडला की मात्र दोन मिनिटांत फोन खणखणायला लागतात. म्हणून ही दोन कामं वेगवेगळ्या मशीनवर ठेवा आणि बिलिंग दोघांपासून लांब. तालुक्याच्या गावात लाईट जाऊन आली की शेकडो राउटर एकदमच लॉगिन मागतात. रेडियसची चाचणी त्या गर्दीची घ्या, निवांत दुपारची नको.

लॉगचा हिशेब नीट बसून करायला हवा, कारण डिस्क आणि फाइलसिस्टिम (डिस्कवर फाइली मांडायची पद्धत) त्यावरच ठरते. डिसेंबर २०२१ मध्ये इंटरनेट कंपन्यांच्या सरकारी परवान्याच्या अटी बदलल्या, तेव्हापासून वापराच्या नोंदी किमान दोन वर्षं ठेवाव्या लागतात. ग्राहक सीजीनॅटमागे, म्हणजे कंपनीच्याच मोठ्या नॅटमागे, असतील तर कोणत्या आयपीचा कोणता पोर्ट (त्या आयपीवरचा जोडणीचा क्रमांक) कधी कोणाकडे होता, हे सांगता आलं पाहिजे. सेकंदाला १००० नोंदी आणि नोंदीला १५० बाइट धरले तर दिवसाला जवळपास १३ जीबी, दोन वर्षांत साडेनऊ टीबी होतात. ग्राहकाला पोर्टांचा अख्खा गट नेमून दिला की गट देता-घेतानाच नोंद होते आणि हा आकडा कोसळतो. लॉग कॉम्प्रेसही छान होतात. त्यासाठी सोयीची झेडएफएस ही फाइलसिस्टिम फ्रीबीएसडीत (युनिक्स घराण्यातली मोफत ओएस) मुळातच येते, डेबियनवर (मोफत लिनक्स) वेगळी बसवावी लागते.

घड्याळाचंही बघा. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार वेळ एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या एनटीपी (वेळ पुरवणाऱ्या) सर्व्हरशी जुळवायची आहे. राउटर यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) आणि सर्व्हर भारतीय वेळेत लिहीत असेल, तर पोलिसांची चौकशी आल्यावर साडेपाच तासांच्या फरकाने भलत्याच ग्राहकाचं नाव पुढे जाईल.

मग ओएसची एक्सपायरी. सेंटओएस ही रेड हॅट या व्यावसायिक लिनक्सची मोफत प्रत. तिच्या ८ चा पाठिंबा, म्हणजे सुरक्षेच्या दुरुस्त्या, २०२९ पर्यंत म्हणून सांगितलेला, तो ३१ डिसेंबर २०२१ ला संपला. सेंटओएस ७ चा ३० जून २०२४ ला. आजही कित्येक बिलिंग पॅनेल त्याच ७ वर चालतात, ही खरी डोकेदुखी. विक्रेत्याकडून लेखी घ्या, कोणत्या आवृत्तीवर चालतं आणि पुढची कधी. 'सगळ्या लिनक्सवर चालतं' या उत्तराला काडीचीही किंमत देऊ नका.

जुना सर्व्हर स्वस्तात घेणार असाल तर प्रोसेसरची पिढी विचारा. रेड हॅट १० ला एव्हीएक्स२ (नव्या प्रोसेसरमधला सूचनासंच) असलेला प्रोसेसर लागतो. इंटेलच्या जुन्या झिऑन ई५ व्ही२ वर ती चालणार नाही, ९ चालेल. रेड हॅटशी जुळणाऱ्या मोफत अल्मालिनक्स १० ची जुन्या प्रोसेसरसाठी वेगळी आवृत्ती मिळते.

आता निवड. माझा कल डेबियन स्टेबलकडे (तिची पक्की आवृत्ती): फ्रीरेडियस (रेडियससाठी), अनबाउंड (डीएनएससाठी), किया (आयपी वाटणारा) सगळं तिच्या सॉफ्टवेअर-भांडारातच मिळतं, आणि पाठिंबा एलटीएस (वाढीव मुदत) धरून पाच वर्षं. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या कॉम्प्रेशनच्या सॉफ्टवेअरमधलं चोरदार (गुपचूप घुसायची वाट) सापडलं, ते डेबियनच्या टेस्टिंगपर्यंत (पुढच्या, चाचणीतल्या आवृत्तीपर्यंत) पोचलं होतं, स्टेबलमध्ये नव्हतं. बिलिंगवाला रेड हॅटच्या घराण्यावरच अडून बसला तर तेवढ्या मशीनवर अल्मालिनक्स ९ टाका, पाठिंबा २०३२ पर्यंत आहे. फ्रीबीएसडी उत्तमच, नेटफ्लिक्सचे कॅशे सर्व्हर तिच्यावर चालतात. पण रात्री दोनला फोन उचलणाऱ्या मुलाला ती येत नसेल तर नको. विंडोजचा लायसन्स-हिशेब एकदा करून बघा, पुढे विचारावं लागणार नाही.

बॅकअप दुसऱ्या मशीनवर उतरवून, त्यातून एक लॉगिन होतंय का ते पाहा. बदल पहाटे करा, आयपीएलच्या संध्याकाळी तर मुळीच नको, आणि जुनी डिस्क महिनाभर न पुसता कपाटात ठेवा.