पावसाळ्यात घरासाठी निलगिरी आणि गवती चहाचे तेल: वापर आणि खबरदारी

पावसाळ्यात कपाटांना कुबट वास येऊ लागतो, लादी दिवसभर ओलसर राहते आणि घरात कोणाला ना कोणाला सर्दी होतेच. अशा वेळी निलगिरी आणि गवती चहा यांची तेले खरोखर उपयोगी पडतात. मात्र ती पानांमधून वाफ सोडून काढलेली असल्याने अत्यंत तीव्र असतात. निलगिरीच्या औषधी तेलात ७० टक्के किंवा त्याहून अधिक सिनिओल असते आणि गवती चहाच्या तेलाचा मोठा भाग सिट्राल या घटकाचा असतो, म्हणून दोन्ही थेंबांनी मोजूनच वापरावीत.

बाटली गडद काचेची असावी आणि तिच्यावर वनस्पतीचे शास्त्रीय नाव छापलेले असावे. नुसते 'फ्रॅग्रन्स ऑइल' लिहिलेली बाटली या कामासाठी घेऊ नये. निलगिरीच्या तेलाचा एक थेंब पांढऱ्या कागदावर टाकून काही तासांनी पाहावे. तेथे तेलकट डाग उरला तर त्यात खाद्यतेलासारखे दुसरे तेल मिसळलेले असण्याची शक्यता असते. कृत्रिम सुगंधाची भेसळ मात्र या परीक्षेत सापडत नाही.

लादी पुसताना बहुतेकांची गल्लत होते ती अशी, की तेल थेट बादलीतल्या पाण्यात टाकले जाते. तेल पाण्यात विरघळत नाही. त्याची चकचकीत वर्तुळे वर तरंगत राहतात आणि पहिल्यांदा बुडवलेल्या फडक्यालाच बहुतेक तेल लागते, परिणामी एका कोपऱ्यात लादी निसरडी होते आणि बाकी घराला वासही लागत नाही. त्याऐवजी एक चमचा लिक्विड साबणात गवती चहाच्या तेलाचे ८ ते १० थेंब नीट घोटावेत आणि ते मिश्रण अर्ध्या बादली पाण्यात ढवळावे. मळ काढण्याचे काम साबणाचे आहे, तेलाने वास जातो एवढेच. त्यामुळे घरात कोणी आजारी असताना जंतुनाशकाऐवजी या पाण्यावर विसंबू नये. डासांच्या बाबतीतही तसेच आहे. गवती चहाचा वास त्यांना थोडा वेळ दूर ठेवतो, पण डेंग्यू टाळायचा असेल तर कुंड्यांखालचे आणि कूलरमधले पाणी ओतून टाकण्यावाचून गत्यंतर नाही.

कपाटासाठी कापसाच्या बोळ्यावर निलगिरीचे ३ ते ४ थेंब टाकून तो लहान वाटीत, कपड्यांना स्पर्श होणार नाही असा ठेवावा. भिंतीला ओल येऊन बुरशी धरली असेल तर आधी गळती दुरुस्त करावी लागते. स्टीलच्या नव्या डब्यावरच्या लेबलाचा चिकटपणा गरम पाण्यानेही जात नसेल, तर कापसावर थोडे निलगिरीचे तेल घेऊन तो पाच मिनिटे दाबून ठेवावा, गोलगोल चोळावे आणि डबा साबणाने धुवावा. प्लॅस्टिकवर हा प्रयोग करताना आधी कोपऱ्यात पाहून घ्यावे. हे तेल पेट घेणारे असल्याने ते पेटत्या शेगडीजवळ किंवा देवाच्या दिव्याजवळ वापरू नये.

सर्दीत मोठ्या माणसाने वाफारा घेताना गरम पाण्यात एक-दोन थेंब पुरेत; डोळे मिटलेले असावेत. अंगाला लावायचे असल्यास ३० मिली खोबरेल तेलात निलगिरीचे १० ते १२ थेंब मिसळावेत. गवती चहाचे तेल त्वचेला लवकर झोंबते, तेव्हा त्याचे तीन-चार थेंबच घ्यावेत आणि आधी कोपराच्या आतल्या बाजूस थोडे लावून एक दिवस थांबावे.

तान्ह्या बाळाच्या नाकाला, छातीला किंवा उशीला निलगिरी अथवा कापूर लावू नये, कारण त्यामुळे श्वासाला त्रास होऊ शकतो. निलगिरीचे तेल लहान मुलाच्या पोटात थोडे जरी गेले, तरी गुंगी आणि आकडी येण्याचा धोका असतो. अशा वेळी उलटी करवू नये, बाटली सोबत घेऊन लगेच रुग्णालयात जावे. घरात दमेकरी, गर्भवती किंवा मांजर असल्यास डिफ्यूझर (तेलाचा वास हवेत पसरवणारे उपकरण) लावण्यापूर्वी डॉक्टरांना, मांजरासाठी पशुवैद्यांना विचारावे. मांजराच्या यकृताला या तेलांतील काही घटकांचा निचरा करता येत नाही. बाकीच्या घरांतही खिडकी उघडी ठेवून अर्धा तास डिफ्यूझर चालवणे पुरेसे आहे.

बाटली घट्ट बुच लावून अंधाऱ्या, थंड जागी आणि मुलांच्या हाताबाहेर ठेवावी. उघडल्याची तारीख तिच्यावर लिहून ठेवावी, कारण हवा लागून जुने झालेले तेल ताज्यापेक्षा त्वचेला अधिक त्रास देते. ते अंगासाठी न वापरता लेबल काढण्यासाठी संपवावे.