खेळणाऱ्या पोराची शाळा बदलताय? आधी ऑफिसच्या खिडकीशी या

दर जूनमध्ये आमच्या ऑफिसच्या खिडकीशी कुणी ना कुणी बाप घाईघाईत उभा राहतो. "ताई, एलसी द्या. पोऱ्या कबड्डी खेळस, त्याले जळगावले टाकनं शे." एलसी म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला. अर्ज घेते, रजिस्टर काढते आणि लिहायच्या आधी विचारते, यंदा कुठे उतरलाय का तो?

मी पारोळा तालुक्यातल्या एका शाळेत लिपिक आहे. चढाई-पकड मला कळत नाही, खो कसा देतात तेही लेकीने दाखवलं. पण एकोणीस वर्षं दाखले लिहिलेत, आणि टेबलावर बाद झालेली पोरं मैदानावर बाद झालेल्यांपेक्षा जास्त पाहिलीत. म्हणून हे लिहिते.

पहिली गोष्ट वेळेची. शालेय स्पर्धा तालुक्यापासून सुरू होतात, पुढे जिल्हा, विभाग, राज्य आणि मग राष्ट्रीय. एका वर्षात पोरगं एकाच शाळेकडून खेळतं. तालुक्याला आमच्याकडून उतरलं आणि दिवाळीनंतर दुसरीकडे गेलं, तर त्या वर्षी नव्या शाळेच्या संघात त्याला घेता येत नाही. म्हणून बदलायचीच तर निकाल लागल्यावर, शाळा उघडताना बदला. ऑगस्टमध्ये तालुक्याच्या तारखा लागल्यावर पळापळ करणारे पालक दरवर्षी असतात, आणि दरवर्षी त्यांना वाटतं की सरांच्या ओळखीने होईल.

आणि नाव एका शाळेत, पोरगं दुसऱ्या गावात, असला प्रकार करू नका. बूट देतो, ट्रॅकसूट देतो म्हणून कागदावर प्रवेश देणारे भेटतात. विद्यार्थी नियमित लागतो. समोरच्या संघाने लेखी हरकत घेतली की हजेरीपट मागवतात. जुलैचं पान कोरं निघालं की एकट्या पोराचं नाही, सगळ्या संघाचं वाटोळं होतं. कबड्डीत सात जण मैदानात आणि पाच राखीव, बारा घरांचे शिव्याशाप कुणी घ्यायचे?

आता दाखला. इथे माझीच चूक सांगते. आमच्याकडून दुसऱ्या शाळेत गेलेल्या एका मुलीचा दाखला मी लिहिला होता. जन्म 14 नोव्हेंबर 2009. अक्षरात बरोबर लिहिलं, 'दोन हजार नऊ', पण अंकात हात घसरला आणि 2008 पडलं. 2022 साली 14 वर्षांखालील गटाला जन्म 1 जानेवारी 2009 किंवा त्यानंतरचा लागत होता. जिल्ह्याला कागद तपासणाऱ्यांनी विचारलं, अंक खरा की अक्षर? नव्या शाळेच्या सरांकडे उत्तर नव्हतं. पोरीला बाकावरून उठवलं. संध्याकाळी तिच्या आईचा मला फोन आला. ओरडली नाही, नुसती म्हणाली, "ताई, तुमनं अक्षर तं चांगलं शे ना?" तेव्हापासून दाखला देताना मी पालकालाच मोठ्याने वाचायला लावते. वाचता येत नसेल तर पोराला. अंक, अक्षर, नावाचं स्पेलिंग, आईचं नाव, जनरल रजिस्टरचा नंबर. खिडकी सोडायच्या आत.

वयाचा हिशेब घरीच करा, सोपा आहे. शैक्षणिक वर्ष ज्या साली सुरू होतं त्यातून 14 खालच्यांसाठी 13, 17 खालच्यांसाठी 16, 19 खालच्यांसाठी 18 वजा करा. जे साल येईल त्याच्या 1 जानेवारीला किंवा नंतर जन्म असला की पोरगं त्या गटात बसतं.

यात आपल्याकडचं जुनं दुखणं म्हणजे एक जून. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत कितीतरी पोरांचा जन्म एक जूनचा, कारण गुरुजींनी नाव घालताना पोराच्या उंचीकडे बघून साल ठरवलं. पुढे बाप ग्रामपंचायतीतून जन्माचा दाखला आणतो, त्यावर वेगळं साल. आधारवर तिसरंच. अशी पोरं आमच्याकडे आहेत तोवर पालकांनी कागद घेऊन यावं. जन्मतारीख मुख्याध्यापक आपल्या मनाने खोडू शकत नाहीत, प्रस्ताव शिक्षणाधिकाऱ्यांकडे जातो आणि तो नाव पटावर असतानाच घालायचा असतो. एलसी हातात पडल्यावर ते काम दहापट अवघड होतं. आणि खेळासाठी वय कमी करून घ्यायला येत असाल तर येऊ नका. तीनदा आलेत लोक, तिन्ही वेळा चहा पाजून परत पाठवलेत.

कागदी दाखल्याबरोबर ऑनलाइन नावही हलावं लागतं. यूडायस प्लस या शाळांच्या सरकारी पोर्टलवर जुनी शाळा पोराला ड्रॉपबॉक्समध्ये, म्हणजे शाळा सोडलेल्यांच्या यादीत टाकते, मग नवी शाळा पेन नंबर, म्हणजे पोराचा कायमचा क्रमांक घालून ओढून घेते. आधीच्या शाळेने टाकलंच नाही तर पोरगं वर्गात बसतं पण पोर्टलवर जुन्याच शाळेत दिसतं. दाखला घेतल्यावर आठ दिवसांनी नव्या शाळेत जाऊन विचारा, नाव आलं का? फोनवर नको, जाऊन.

चांगला खेळाडू जातोय म्हटल्यावर दाखला अडवणारेही असतात. साहेब गावाला गेलेत, शिक्का सापडत नाही, पुढच्या सोमवारी या. आठवीपर्यंतच्या पोरांसाठी 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम 5 आहे: दाखला लगेच द्यायचा, उशीर केला तर मुख्याध्यापकावर शिस्तभंगाची कारवाई, आणि दाखला आला नाही म्हणून नवी शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. तोंडी मागू नका. अर्ज द्या, दुसऱ्या प्रतीवर आवक नंबर आणि तारीख घ्या. आवक नंबर पडला की शिक्का सापडतो. नववीपासून पुढे हे कलम लागत नाही, तिथे मात्र गोडीने घ्या.

चोपड्याचं पोरगं जळगाव शहरात गेलं की तालुक्याची पायरी सुटते, महापालिका गटात खेळावं लागतं. धुळ्यातही तसंच. नंदुरबारला नगरपालिका आहे, तिथे तालुका-जिल्हा हीच वाट. शेवटी सगळे नाशिकला विभागावर भेटतात. आश्रमशाळेची पोरं यावल, तळोदा, नंदुरबार, धुळे या आदिवासी विकास प्रकल्पांच्या वेगळ्या स्पर्धाही खेळतात. आश्रमशाळा सोडली की ती वाट बंद, हे पोराला आधीच सांगा.

जाताना पी.टी.च्या सरांच्या कपाटातली प्रमाणपत्रं मागून घ्या. मूळ. जुन्या शाळेचं नाव असलं तरी ती पोराचीच आहेत. दहावीला खेळाच्या सवलतीच्या गुणांचा प्रस्ताव नव्या शाळेकडून जाईल, तेव्हा ती लागतील. आमच्या कपाटात सात वर्षांपूर्वीचं एक पडून आहे, जिल्ह्यात दुसरा आलेल्या पोराचं. घरचा पत्ता नाही, नंबर बंद. पारोळ्याचा, उंच उडीवाला. ओळखीचा असेल तर पाठवा त्याला माझ्याकडे, अकरा ते पाच मी खिडकीतच असते.