रस्टिक कॉफी टेबल घरीच बनवायचंय? मग आधी जुनं सागवान शोधा

रस्टिक, म्हणजे जुनाट, खडबडीत दिसणाऱ्या टेबलासाठी नवीन लाकूड घेऊच नका, हे आधीच सांगून टाकतो. नवं लाकूड बऱ्याचदा पुरतं सुकलेलं नसतं, आणि आपल्या पावसाळ्यात हवा किती दमट असते ते माहितीये, फळी फुगते, मग ऑक्टोबरात आकसते, पिळते आणि टेबल डुगडुगायला लागतं. त्यापेक्षा पाडलेल्या चाळींतून, जुन्या बिल्डिंगांतून निघालेलं सागवान घ्या, त्याला जे काय वाकायचं होतं ते केव्हाच वाकून झालंय. जोगेश्वरीला ओशिवऱ्याच्या फर्निचर मार्केटात जुने दरवाजे, चौकटी, तुळया मिळतात, रे रोडला लाकडाच्या वखारी आहेत. जिन्याच्या लाकडी पायऱ्या दिसल्या तर सोडू नका, चांगल्या रुंद असतात आणि मधोमध पाय पडून पडून झिजलेल्या, ती झीज मुद्दाम आणता येत नाही. कप जरा कलतो त्यावर, पण चालतंय.

भाव घनफुटावर असतो, त्यामुळे हिशोब घरूनच करून जा. लांबी फुटात, रुंदी आणि जाडी इंचात, तिन्हींचा गुणाकार भागिले 144. म्हणजे 3 फूट लांब, 18 इंच रुंद, दीड इंच जाड टॉपला अर्ध्या घनफुटाच्या थोडं वर लाकूड लागतं, त्यात पाय आणि पट्ट्या धरा आणि थोडं वाया जाणारं.

घेताना फळी उभी धरून जमिनीवर आपटा, बारीक छिद्रांतून पिठासारखी पावडर पडली तर आत किडा आहे, फुकट दिली तरी घरात आणायची नाही. घरी आणल्यावर करवत लावायच्या आधी सगळीकडून लोहचुंबक फिरवा, आत तुटलेले मोळे हमखास असतात आणि एकच मोळा ब्लेडची वाट लावतो. जुन्या ऑइल पेंटचे थर असतील तर कोरडे घासू नका. भारतात घरगुती रंगांत शिशाची 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादा 2017 मध्ये लागू झाली, चाळीतल्या दरवाजावरचा रंग त्याच्या कितीतरी आधीचा, त्यामुळे पेंट रिमूव्हर, मास्क, आणि पोरांना लांब ठेवून काम.

सागवान परवडत नसेल तर पॅकिंगचे पॅलेट घ्या, फक्त शिक्का बघा. एचटी म्हणजे तापवून कीड मारलेलं, ते चालेल. एमबी म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेलं, ते नको.

आता जोडणी. 36 बाय 18 इंच साइज आपल्या वन बीएचकेच्या हॉलला पुरते, उंची सोफ्याच्या गादीएवढी किंवा इंचभर कमी, साधारण 16-17 इंच. सहा-सहा इंचाच्या तीन फळ्या शेजारी शेजारी, मध्ये नखाएवढी फट सोडून, खालून दोन आडव्या पट्ट्यांवर स्क्रूने. इथे एक गोष्ट नीट करा, प्रत्येक फळीचा मधला स्क्रू घट्ट, पण कडेच्या स्क्रूंसाठी पट्टीतलं भोक लांबट करायचं, रुंदीच्या दिशेने, आणि वॉशर घालायचा, म्हणजे पावसात फळी फुगली की स्क्रू तिच्याबरोबर सरकतो, नाहीतर फळी मधोमध चिरते. आधी बारीक ड्रिल मारल्याशिवाय जुन्या सागात स्क्रू जात नाही, डोकं तुटून हातात येतं, म्हणून स्क्रूला थोडा साबण किंवा मेण चोळा, सुतार लोक तेच करतात.

पाय अडीच इंच चौरस, ते याच आडव्या पट्ट्यांच्या टोकांना नट-बोल्टने, आणि लांबीच्या बाजूने अजून दोन पट्ट्या, नाहीतर टेबल पुढेमागे हलणार. दोन दिशांचे बोल्ट एकाच उंचीवर घेतले तर पायाच्या आत एकमेकांवर आदळतात, म्हणून एक वर एक खाली. फेविकॉल मी पायांना लावतच नाही, भाड्याचं घर बदलताना पाय काढून टेबल रिक्षात जातं. पाय एका लेव्हलला आहेत का ते लादीवर बघू नका, लाद्याच वरखाली असतात, दोघांनी उचलून किचनच्या ओट्यावर ठेवा, डुललं की लांब पाय पॉलिश पेपरने घासा.

ड्रिल आणि करवतीचं काम दुपारी दोन ते चार सोडून करा, बाकी सोसायटीचं तुम्हाला माहिती.

घासताना 80, मग 120, मग 220 नंबरचा पेपर, कायम रेषांच्या दिशेने. मोळ्यांची काळी भोकं, करवतीचे जुने ओरखडे राहू द्या, पण कडा आणि कोपरे हात फिरवून बघा, कूस लागता कामा नये, रस्टिकच्या नावाखाली कुणाच्या मांडीत काडी घुसवायची नाही. वरून लाखेचं पॉलिश दिसतं भारी, पण गरम चहाचा कप ठेवला की पांढरं वर्तुळ उमटतं आणि दमट हवेत मारलं तर धुरकट होतं, त्यामुळे मॅट पीयूचे, म्हणजे पॉलियुरेथेन पॉलिशचे, दोन-तीन पातळ हात, मध्ये 320 ने हलकं घासून. जवसाचं तेल लावणार असाल तर तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, आपोआप तापून पेटतात, पसरून वाळवा आणि मगच कचऱ्यात.

पीयू हाताला सुकलेलं वाटलं तरी आठवडाभर त्यावर गरम भांडं ठेवू नका. आणि दिवाळीच्या साफसफाईत पान्याने सगळे बोल्ट एकदा आवळून घ्या, पाऊस गेला की लाकूड आकसतं आणि ते सैल होतात.